उणे वस्तुमानाचा फॉरवर्ड आणि सोडियमच्या दोन रेघा

मागच्या रविवारी आमच्या बीएस्सीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आला. "शास्त्रज्ञांनी उणे वस्तुमान तयार केलं, ढकललं की उलटं तुमच्याकडेच येतं, न्यूटन चुकला", खाली डोळे फाटलेल्या तीन इमोजी आणि कुठल्यातरी आकाशगंगेचा फोटो. बातमी २०१७ सालची आहे, तेव्हापासून अधिक महिन्यासारखी दर दोन-तीन वर्षांनी येते. ग्रुपमधला एकजण, जो आता विम्याचं काम करतो, त्यानं लगेच मला टॅग केलं, "सर, ह्याच्यानं पोट कमी होईल का?"

ग्रुपमधे फिजिक्सला चिकटून राहिलेला मी एकटाच, तेही सीएचबीवर, म्हणजे तासाचे पैसे आणि तेही वर्ष संपून गेल्यावर कधीतरी, पण असल्या प्रश्नांना उत्तर द्यायची जबाबदारी मात्र कायमस्वरूपी. मी टाइप करायला घेतलं, "अरे ते तसलं वस्तुमान नाही, ते इफेक्टिव्ह मास आहे, थंड केलेल्या गॅसमधे स्पिन-ऑर्बिट कपलिंग घातल्यामुळे" आणि थांबलो. कारण स्पिन-ऑर्बिट कपलिंग म्हटल्यावर ह्यांना काय कळणार. आणि मग एकदम लक्षात आलं की अरे, ह्या सगळ्यांनी ते बघितलंय की. स्वतःच्या डोळ्यांनी, टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला. मेसेज काही पाठवला नाही, म्हटलं इथंच सविस्तर लिहू.

तर आठवा. डार्करूम म्हणायची पण खरं म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन मारलेला लॅबचा कोपरा, दाराला काळा पडदा, आत कोंदट वास. सोडियमचा दिवा लावला की आधी लालसर गुलाबी व्हायचा, कारण सुरुवातीला त्यातला निऑन पेटतो, मग दहाएक मिनिटांनी आतल्या सोडियमची वाफ झाली की हळूहळू पिवळा, आणि त्या पिवळ्यात सगळ्या बॅचचे ओठ काळे दिसायचे. कुणी मधेच बटण बंद केलं तर गरम दिवा परत लागायचा नाही, तो गार होईपर्यंत सगळे बाहेर व्हरांड्यात. मग स्पेक्ट्रोमीटर, त्यावर ग्रेटिंग, म्हणजे बारीक समांतर रेघा ओढलेली काच, इंचाला १५,००० रेघांचं, कडेला धरायचं, बोट लावायचं नाही आणि तरी त्यावर सगळ्या जुन्या बॅचेसच्या बोटांचे ठसे. दुर्बीण फिरवत २० अंशांच्या जरा पुढं गेलं की पिवळी रेघ, एकच, जाड. बहुतेकांचं प्रॅक्टिकल तिथंच संपायचं. पण अजून पुढं, ४४ अंशांवर सेकंड ऑर्डरला, म्हणजे तीच रेघ दुसऱ्यांदा दिसते तिथं गेलं, स्लिट बारीक केली आणि श्वास धरून टँजंट स्क्रू फिरवला की ती रेघ फाटायची. दोन रेघा. एक ५८९.० नॅनोमीटरची, एक ५८९.६ ची. दोघींत अंतर जेमतेम साडेतीन मिनिटं, म्हणजे अंशाची मिनिटं, आणि व्हर्नियरचा लीस्ट काउंट एक मिनिट, त्याहून बारीक मोजताच येत नाही. अर्ध्या वर्गानं शेजारच्याचं रीडिंग उतरवलं, त्यात मीपण होतो, आता माझीच पोरं माझ्यासमोर उतरवतात आणि मी खिडकीबाहेर बघतो.

ती रेघ फाटते ना, तेच स्पिन-ऑर्बिट कपलिंग.

इलेक्ट्रॉन म्हणजे एक बारीकसं लोहचुंबक, त्या चुंबकपणालाच ढोबळमानानं स्पिन म्हणू. तो न्यूक्लियसभोवती फिरतोय. आता इलेक्ट्रॉनच्या खांद्यावर बसून बघा, तिथून न्यूक्लियसच आपल्याभोवती गरगर फिरताना दिसणार, फिरणारा चार्ज म्हणजे करंट, करंट आला की मॅग्नेटिक फील्ड आलं, आणि त्या फील्डमधे आपल्या चुंबकाचं तोंड कुठल्या बाजूला आहे ह्यावर एनर्जी थोडी वर नाहीतर थोडी खाली. म्हणून सोडियमच्या वरच्या लेव्हलचे दोन भाग, म्हणून दोन रेघा. (क्वांटमवाले म्हणतील असं खांद्यावर वगैरे बसता येत नाही आणि थॉमसचा निम्मा फॅक्टर कुठं गेला. बरोबर आहे तुमचं. पुढं वाचा.) मुद्दा इतकाच की फिरणं आणि स्पिन ह्या दोन गोष्टी एकमेकांना बांधल्या गेल्या.

धातू-सेमिकंडक्टरमधेही हे होतं, तिथं इलेक्ट्रॉन सरळ पळतो पण क्रिस्टलच्या आतल्या इलेक्ट्रिक फील्डमुळे त्याच्या पळण्याची दिशा आणि स्पिन बांधले जातात, त्याला राश्बा आणि ड्रेसेलहाउस अशी दोन नावं चिकटलेली आहेत, आणि टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणून, म्हणजे आतून वीज अडवणारा पण पृष्ठभागावरून वाहू देणारा, जो गेल्या वीस वर्षांतला गाजलेला प्रकार आहे तो ह्याच्याच जिवावर उभा आहे. पण खऱ्या क्रिस्टलमधे कचरा फार. अशुद्धी, थरथर, आणि कपलिंग किती असावं हे आपल्या हातात नाही, निसर्गानं दिलं तेवढं घ्यायचं. म्हणून अणूंच्या थंड गॅसमधे हे करता आलं तर बरं, तिथं सगळे नॉब आपल्या हातात. अडचण एकच. अख्खा अणू बाहेरून न्यूट्रल असतो. तो डावीकडं चालला काय आणि उजवीकडं चालला काय, त्याच्या स्पिनला त्याचं काही सोयरसुतक नाही.

मग ते सोयरसुतक जबरदस्तीनं लावावं लागतं. हे पहिल्यांदा नीट जमवलं अमेरिकेत मेरिलँडमधल्या गेथर्सबर्गला, निस्ट ह्या सरकारी मोजमाप-संस्थेच्या लॅबमधे, इयन स्पीलमनच्या ग्रुपनं. मार्च २०११ च्या नेचरमधे लिन, हिमेनेझ-गार्सिया आणि स्पीलमन अशा तिघांचाच पेपर आहे. रुबिडियम-८७ चा बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट घेतला, म्हणजे लाख-दोन लाख अणू इतके थंड केलेले की सगळे मिळून एकाच लाटेसारखे वागतात. थंड करायची शेवटची पायरी आपण बशीत चहा ओतून फुंकर मारतो तीच, सगळ्यात गरम अणू उडून जाऊ द्यायचे, राहिलेले आपोआप गार.

त्यावर दोन लेसर सोडले, ८०४ नॅनोमीटरचे, एकमेकांशी काटकोनात, आणि दोघांच्या फ्रिक्वेन्सीत अगदी किंचित फरक, लेसरची फ्रिक्वेन्सी ३७३ टेराहर्ट्झ आणि फरक मेगाहर्ट्झमधे. हा फरक अणूच्या दोन स्पिन-स्थितींच्या एनर्जीतल्या फरकाला बरोबर जुळवलेला. त्यामुळे काय होतं, अणू एका लेसरमधून एक फोटॉन उचलतो आणि दुसऱ्या लेसरमधे टाकतो, ह्या देवाणघेवाणीत त्याचा स्पिन उलटतो, पण फोटॉन उचलायचा-टाकायचा म्हणजे धक्काही बसतो. स्पिन बदलायचा तर धक्का घ्यावाच लागतो. फुकट नाही.

आमच्या पोरांना मी हे मिरज जंक्शनवरून सांगतो. मिरजेहून एक गाडी कोल्हापूरला जाते, एक बरोब्बर उलट्या बाजूला पंढरपूरला. समजा रेल्वेनं नियम काढला की पंढरपूरच्या गाडीत पांढरी टोपी आणि कोल्हापूरच्या गाडीत फेटा. आता प्लॅटफॉर्मवर नाही, गाडीत बसल्या बसल्या तुम्ही टोपी काढून फेटा बांधला, की त्याच क्षणी तुम्ही कोल्हापूरच्या गाडीत. डोक्यावर काय आहे ह्यावरून दिशा कळते आणि दिशेवरून डोक्यावर काय आहे ते. झालं स्पिन-ऑर्बिट कपलिंग. फरक एवढाच की रुबिडियमचा अणू क्वांटम असल्यामुळे एकाच वेळी टोपी घालून पंढरपूरला आणि फेटा बांधून कोल्हापूरला निघालेला असू शकतो, आणि पुढची सगळी मजा तिथंच आहे.

हा धक्का किती मोठा? एका फोटॉनचा साधारण सेकंदाला ६ मिलिमीटर, मुंगी ह्याच्यापेक्षा जोरात चालते. निस्टच्या मांडणीत त्या धक्क्याची एनर्जी तापमानाच्या भाषेत काढली तर सुमारे ८५ नॅनोकेल्विन, म्हणजे केल्विनचे ८५ अब्जांश येते, मी स्वतः कॅल्क्युलेटरवर काढून बघितलंय. म्हणून तर एवढं थंड करायचं. लोकांना वाटतं थंडीचा विक्रम करायचा म्हणून करतात, तसं नाही, आधीच गॅसमधे ह्याच्यापेक्षा जास्त धावपळ असेल तर मुंगीचा धक्का त्या गर्दीत कुणाला कळणार.

आणि दिसतं कसं? अणू धरून ठेवणारा ट्रॅप बंद करायचा, अणूंचा ढग खाली पडायला लागतो, पडता पडता वीस-तीस मिलिसेकंदांत पसरतो, मधे मॅग्नेटिक फील्डचा उतार लावून टोपीवाले आणि फेटेवाले वरखाली वेगळे करायचे, आणि लेसरची सावली कॅमेऱ्यावर घ्यायची. फोटोत आडवी दिशा म्हणजे वेग, उभी दिशा म्हणजे स्पिन. साध्या कंडेन्सेटचे दोन ठिपके एकाखाली एक येतात. कपलिंग लावलं की ते तिरके सरकतात, वरचा एका बाजूला, खालचा दुसऱ्या बाजूला. इतकंच. मी पहिल्यांदा ते चित्र बघितलं तेव्हा मला स्पेक्ट्रोमीटरमधली फाटलेली रेघच आठवली, उगाच, कारण म्हटलं तर दोन्हींचा संबंध नाही, एक अणूच्या आतलं खरं कपलिंग आणि दुसरं लेसरनं केलेलं नकली.

असं मला बरीच वर्षं वाटत होतं. ते चुकीचं निघालं, आणि खरं तर ही पोस्ट त्यासाठीच लिहितोय, फॉरवर्ड हे निमित्त.

गोष्ट अशी आहे की लेसरच्या प्रकाशाला अणूचा स्पिन दिसतच नाही. प्रकाशाचं इलेक्ट्रिक फील्ड इलेक्ट्रॉनच्या फिरण्याला हलवतं, त्याच्या चुंबकाला व्यवहारात हात लावत नाही. मग ह्या दोन लेसरनी स्पिन उलटवला कसा? तर मधल्या वरच्या लेव्हलमधून, जिथं फिरणं आणि स्पिन आधीच बांधलेले आहेत. म्हणजे त्याच दोन रेघा! रुबिडियमच्या रेघा ७९५ आणि ७८० नॅनोमीटरला, दोघींत चांगलं १५ नॅनोमीटरचं अंतर. लेसर त्यांच्याजवळ ठेवला तर त्याला दोन रेघा वेगळ्या दिसतात आणि स्पिन उलटवता येतो. लेसर फार लांब नेला तर दोन्ही रेघांतून येणारे परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात आणि स्पिन जागचा हलत नाही. फर्स्ट ऑर्डरला कशी आपल्याला एकच जाड रेघ दिसायची, तसं लांबून लेसरला होतं, रेघ एकच दिसते आणि स्पिनशी बोलायची वाटच बंद. नकली कपलिंग उभं राहिलंय ते अणूच्या आतल्या खऱ्या कपलिंगच्या खांद्यावर. हे मला कळलं तेव्हा मी एसटीत होतो, शेजारच्या काकांना सांगावंसं वाटलं पण ते झोपले होते.

आणि ह्याची किंमतही त्याच दोन रेघा ठरवतात. लेसर जवळ ठेवला की अणू अधूनमधून एखादा फोटॉन खरोखर गिळतो आणि कुठल्याही दिशेला ओकतो, गॅस तापतो, पाच-पंचवीस नॅनोकेल्विनवर आणलेली सगळी मेहनत वाया. लांब ठेवला की काम होत नाही. रुबिडियमच्या रेघा १५ नॅनोमीटर लांब असल्यानं मधला मार्ग सापडतो. सोडियममधे अंतर ०.६ नॅनोमीटर, म्हणजे आधीच चिंचोळं. लिथियममधे तर ०.०१५. तरी एमआयटीत मार्टिन झ्वीरलाइनच्या ग्रुपनं २०१२ ला लिथियमवरच हे करून दाखवलं, आणि त्याच वेळी चीनमधे शांशी युनिव्हर्सिटीत जिंग झांगच्या ग्रुपनं पोटॅशियम-४० वर, दोघांचे पेपर एकाच अंकात पाठोपाठ आहेत. नंतर २०१६ ला स्टॅनफर्डला डिस्प्रोसियम वापरलं, त्याच्या खालच्या लेव्हलमधेच इलेक्ट्रॉनचं फिरणं आणि स्पिन बांधलेले असतात, त्यामुळे लेसर लांब ठेवूनही चालतो आणि गॅस फारसा तापत नाही. ह्या सगळ्यांत कपलिंग एकाच दिशेचं होतं हेही सांगायला पाहिजे, खरं राश्बासारखं दोन दिशांचं करायला २०१६ उजाडलं, तेही चीनमधेच, दोन वेगवेगळ्या ग्रुपनी. त्या भानगडीत आत्ता जात नाही.

आता फॉरवर्डकडं. अणूचा एनर्जी-मोमेंटमचा आलेख काढा, आडवा मोमेंटम, उभी एनर्जी. साध्या अणूची एक वाटी येते, पॅराबोला. टोपीवाल्यांची वाटी एका बाजूला सरकलेली, फेटेवाल्यांची दुसऱ्या बाजूला, आणि जिथं दोन वाट्यांच्या कडा एकमेकींना छेदतात तिथं लेसर त्यांना तोडून वेगळं करतो, त्यामुळे खालच्या आलेखाला दोन खळगे आणि मधे एक उंचवटा, म्हणजे पालथी वाटी. आता, अणू ढकलला तर किती सहज वेग घेईल हे त्या आलेखाचा बाक ठरवतो, त्यालाच इफेक्टिव्ह मास म्हणतात. वाटी उताणी असेल तर ते धन. पालथी असेल तर ऋण. पालथ्या भागात अणूला पुढं जोर लावला की मोमेंटम वाढतो पण वेग मागं पडतो. झालं उणे वस्तुमान, एवढंच ते.

वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या पीटर एंगेल्सच्या ग्रुपनं एप्रिल २०१७ मधे हे दाखवलं, परत रुबिडियमच. कंडेन्सेट लांबट ट्रॅपमधे धरला आणि लांबीच्या दिशेनं मोकळा सोडला. अणू एकमेकांना ढकलतात म्हणून ढग दोन्ही बाजूंना सारखा पसरायला पाहिजे. एका बाजूला पसरला. दुसऱ्या बाजूचे अणू वेग घेता घेता त्या पालथ्या वाटीच्या भागात शिरले आणि तिथं अडकल्यासारखे झाले, ढगाची ती कड जागीच तुंबली, मागून येणारे त्यावर आदळले आणि लाटा उठल्या. फार सुंदर प्रयोग आहे, खरंच. पण न्यूटन आपल्या जागी आहे. ते अणू तराजूत टाकले तर वजन भरणारच, आणि सोडले तर खालीच पडतात, वर सांगितलं ना, फोटोच मुळी पडताना काढतात.

मला मात्र ह्यापेक्षा जास्त वेड लावलं ते पट्ट्यांनी. दोन खळगे आहेत ना, त्यात सगळे अणू एकाच खळग्यात जाऊन बसू शकतात, किंवा सगळेच्या सगळे दोन्ही खळग्यांत एकाच वेळी, अर्धी टोपी अर्धा फेटा. दुसऱ्या प्रकारात दोन दिशांना निघालेल्या दोन लाटा एकमेकींवर पडतात आणि गॅसमधे पट्टे उमटतात, दाट-विरळ-दाट-विरळ. म्हणजे गोष्ट वाहते सुपरफ्लुइडसारखी, घर्षणाशिवाय, आणि रचना असते स्फटिकासारखी. सुपरसॉलिड. कल्पना १९६० च्या आसपासपासूनची, सगळे घन हेलियममधे शोधत बसले होते.

तर रुबिडियममधे हे पट्टे मिळायला महामुश्कील. टोपीवाले आणि फेटेवाले एकमेकांना जवळजवळ आपल्यातल्यांइतकंच ढकलतात, त्यामुळे दोघांनी मिसळून राहण्यात फायदा अगदी नाममात्र, लेसरचा जोर जरा वाढवला, धक्क्याच्या एनर्जीच्या ०.२ पटीच्या वर, की मिसळलेला संसार मोडतो. आणि एवढ्या कमी जोरावर पट्टे इतके फिके की कॅमेऱ्याला पत्ता लागत नाही. त्यात मॅग्नेटिक फील्डची कटकट. रुबिडियममधे १ मिलिगॉसनं (गॉस हे फील्ड मोजायचं एकक) फील्ड हललं तर दोन स्थितींतला फरक ७०० हर्ट्झनं हलतो, पृथ्वीचं स्वतःचं फील्डच पाचशे मिलिगॉसच्या घरात, म्हणजे त्याचा पाचशेवा भाग इकडंतिकडं झाला की एक खळगा खाली जातो आणि सगळे तिकडं पळतात.

ह्यावर एमआयटीत वोल्फगांग केटर्लेच्या ग्रुपनं जे केलं ते मला चोरवाट म्हणून फार आवडतं. त्यांनी घेतलं सोडियम. म्हणजे ज्याच्या दोन रेघा एकमेकींना खेटून, जिथं लेसरनं स्पिन उलटवणं महाग, तेच. आणि स्पिन वापरलाच नाही! लेसरच्या उभ्या लाटांतून अणूंसाठी जोडघरं बांधली, एक डावी खोली, एक उजवी, आणि "डाव्या खोलीत" असणं म्हणजे टोपी, "उजव्या खोलीत" असणं म्हणजे फेटा, असं ठरवून टाकलं. खोली बदलायला स्पिनला हात लावायची गरज नाही, म्हणजे लेसर पिवळ्या रेघांपासून कितीही लांब ठेवा, तापायची भीती नाही. सगळे अणू एकाच स्पिनचे, म्हणजे फील्ड हललं तरी दोघं एकत्रच हलणार. आणि वेगवेगळ्या खोल्यांत राहतात म्हणून एकमेकांना ढकलतही कमी, त्यामुळे मिसळलेला संसार नीट टिकतो. तीन दुखणी, एक औषध.

मग पट्टे दिसले कसे? गॅसवर प्रकाश टाकला, आणि एका ठरावीक कोनातच तो परावर्तित होऊन आला. ब्रॅगचं रिफ्लेक्शन, आपण क्ष-किरणांच्या चॅप्टरमधे शिकतो तेच. ठरावीक अंतरावर दाट-विरळ पट्टे असतील तरच असं होतं. म्हणजे काय झालं बघा, आपल्या डार्करूममधे ग्रेटिंग काचेचं होतं आणि सोडियम दिव्यात. इथं सोडियमचा गॅसच ग्रेटिंग झाला. कुणी रेघा ओढल्या नाहीत, अणूंनी आपण होऊन ओढल्या. मी हे वाचल्यावर दुसऱ्या दिवशी लॅबमधे ते ठसेवालं ग्रेटिंग हातात घेऊन बराच वेळ बघत बसलो, लॅब असिस्टंटला वाटलं फुटलं.

हा पेपर मार्च २०१७ चा, नेचरच्या त्याच अंकात झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाचा दुसऱ्याच पद्धतीनं केलेला सुपरसॉलिडचा पेपरही आहे. काही लोक म्हणतात की पट्ट्यांमधलं अंतर लेसरनं ठरवलेलं, त्यामुळे हा अस्सल सुपरसॉलिड नव्हे, अस्सल तो २०१९ चा डिस्प्रोसियम-अर्बियमवाला. मला ते पूर्ण पटत नाही. अंतर लेसर ठरवतो हे खरं, पण पहिला पट्टा नेमका कुठं पडणार हे कुणीच ठरवत नाही, ते प्रत्येक वेळी गॅस स्वतः ठरवतो, आणि स्फटिक होणं म्हणजे मुळात तेच.

आता माझी फजिती. दिवाळीच्या सुट्टीत म्हटलं आपणही पट्टे काढून बघू, प्रयोग काही आपल्या हातात नाही, कंडेन्सेट करायचा म्हणजे पुण्याच्या आयसरसारखी नाहीतर कुलाब्याच्या टीआयएफआरसारखी लॅब पाहिजे, पण समीकरण तर सोडवता येतं. ग्रॉस-पितायेव्स्की समीकरण, कंडेन्सेट कसा वागतो ते सांगणारं, दोन घटकांचं, एकाच मितीत, पायथनमधे शंभर-सव्वाशे ओळी. इमॅजिनरी टाइम म्हणून एक युक्ती असते, काळाच्या जागी काल्पनिक काळ घालून प्रोग्रॅम चालवला की गॅस घरंगळत सगळ्यात खालच्या एनर्जीला जाऊन बसतो. रात्री साडेअकराला रन केला आणि पट्टे! खणखणीत, फणीच्या दातांसारखे. रुबिडियमचेच आकडे घातलेले. मी बायकोला उठवून दाखवलं, ती म्हणाली छान आहे, झोप आता. एका जुन्या मित्राला, जो आता ह्यातच पीएचडी करतो, स्क्रीनशॉट पाठवला. सकाळी त्याचा एका ओळीचा रिप्लाय, "ओमेगा किती घेतलास?"

ओमेगा म्हणजे लेसरचा जोर, धक्क्याच्या एनर्जीच्या पटीत. मी १ घेतला होता. हद्द ०.२ ला. म्हणजे तिथं पट्टे असायलाच नको होते!

दोन दिवस घालवले. ग्रिड बारीक केलं, स्टेप लहान केली, पट्टे जागचे हटेनात. शेवटी चूक सापडली ती अगदी बाळबोध. मी सुरुवात केली होती ती एका सुबक सिमेट्रिक ढगापासून, टोपी आणि फेटा अगदी समसमान. समीकरणही सिमेट्रिक. मग अणूंनी डावा खळगा निवडायचा की उजवा, हे सांगणारं प्रोग्रॅममधे काहीच नव्हतं, म्हणून बिचारे दोन्हीकडं अर्धे-अर्धे बसून राहिले, सुळक्याच्या टोकावर ठेवलेल्या गोटीसारखे. गोटी पडत नाही कारण तिला कुणी ढुशीच देत नाही. मी सुरुवातीच्या ढगात हजारात एक इतका रँडम गोंधळ मिसळला आणि परत चालवला. तरी पट्टे! तासभर तेच. वैतागून लॅपटॉप तसाच चालू ठेवून झोपलो, आणि सकाळी उठून बघतो तर स्क्रीन सपाट, सगळे अणू एका खळग्यात, पट्ट्यांचा मागमूस नाही. दोन अवस्थांच्या एनर्जीत फरक इतका नाममात्र की गोटीला घरंगळायला अख्खी रात्र लागली. वर लिहिलंय ना, "फायदा अगदी नाममात्र", ते वाक्य मी दहा वेळा वाचलेलं होतं, पण कळलं ते त्या सकाळी चहा पिताना. मग ओमेगा ०.१ घेऊन परत केलं, पट्टे आले, ह्यावेळी अस्सल, आणि इतके फिके की आलेखाची उभी स्केल ताणल्याशिवाय दिसेनात. ते मी कुणाला पाठवले नाहीत.

ग्रुपवर शेवटी "नाही, पोट तसंच राहील" एवढंच लिहिलं. त्याला सहा अंगठे आले.

परवा गुरुवारी टीवायच्या बॅचला तेच प्रॅक्टिकल होतं. एक मुलगी, एरवी शांत असते, सेकंड ऑर्डरला दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ बसली होती, मग म्हणाली, "सर, दोन दिसतायत, पण एक जास्त उजळ का आहे?" पुस्तकात बघून विचारलेला प्रश्न नव्हता, दिसलं म्हणून विचारलेला होता. ५८९.० ची रेघ खरंच दुप्पट उजळ असते, वरच्या दोन लेव्हलपैकी एकीत चार जागा आणि दुसरीत दोनच, म्हणून. मी खडू घेतला आणि तेवढ्यात मागच्या कुणाचा तरी हात लागून दिव्याचं बटण बंद झालं. परत लावला तर अर्थातच लागेना. आता तो गार होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं कुणालाच काही काम नव्हतं, पडदा बाजूला केला, फळा पुसला, आणि मिरज जंक्शनपासून सुरुवात केली.